परबबाई आणि पाठची गल्ली

परबबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "‘किती’ हा शब्द बाहेर चपलांपाशी ठेवायचा आणि मग आत जायचं."

आम्ही तेव्हा मरोळच्या एका चाळीच्या जिन्याखाली उभ्या होतो. मी चोवीस वर्षांची, संख्याशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली, हातात संस्थेने दिलेला नवाकोरा टॅब. त्या पंचावन्नच्या आसपास, उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला राहणारी कुटुंबं कशावर खर्च करतात आणि त्याचा त्यांच्या तब्येतीशी काही संबंध लागतो का, अशी आमची पाहणी होती. प्रश्नावली छत्तीस पानांची, आणि दर दुसरा प्रश्न ‘किती’चा.

"मग विचारायचं काय?" मी म्हटलं.

"वस्तू विचारायची. पैसे विचारलेस की माणूस खोटं बोलतो. लबाडीनं नाय गो, लाजेनं. कमी असले तरी लाज, जास्त असले तरी लाज."

मला ते पटलं नाही. पहिल्याच घरात मी टॅबवरचा प्रश्न वाचून दाखवला, "महिन्याला औषधांवर किती खर्च होतो?" घरातली बाई पीठ मळत होती. म्हणाली, "काहीच नाही. सगळे बरे आहेत आमच्याकडे." मी शून्य लिहिलं. परबबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या कुठल्याही घरात आत जाऊन खुर्चीवर बसत नसत, उंबऱ्याशीच टेकायच्या. तिथून त्यांनी सहज विचारलं, "सकाळी घरात पहिलं कोण खोकतं?"

"सासरे," बाई म्हणाली. "मग हे. मग आमचा धाकटा." आंघोळीचा क्रम सांगावा तसं तिने ते सांगितलं.

"आणि मग काय देता?"

बाईने पिठाचे हात पुसले आणि खाटेखालून एक पिशवी ओढली. तिच्यात सिरपच्या अर्ध्या बाटल्या होत्या, गोळ्यांची पाकिटं होती, श्वासाचे दोन पंप होते. मी म्हटलं, "अहो, हे औषध नाही का?"

"हे खोकल्याचं आहे," ती म्हणाली. "औषध म्हणजे आजाराचं ना?"

त्या घराला खोकला हा आजार वाटतच नव्हता. तिथे राहण्याचाच तो एक भाग होता. त्या दिवशी मी शून्य खोडलं, आणि पुढचे आठ महिने परबबाई जशा विचारतील तसं विचारायला शिकत राहिले.

त्या मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. बाई शहरात वाढलेल्या, बोलायच्या आपल्यासारखंच, पण राग आला किंवा आतून काही हललं की मालवणी बाहेर यायची. पाहण्यांचं काम त्या वीसेक वर्षं करत होत्या. कधी पोलिओ, कधी पाणी, कधी शौचालयं, कधी निवडणुकीआधीची मतं. टॅबवर त्यांचा विश्वास नव्हता. एका जाड वहीत पेन्सिलीने सगळं उतरवायच्या आणि संध्याकाळी माझ्याकडून टॅबमध्ये भरून घ्यायच्या. वहीत आकडे कमी आणि वस्तू जास्त. ‘खोबरेल, लहान बाटली, महिन्यात तीन. केस चौघींचे, पण लावतात सासूच्या गुडघ्याला.’ असं काहीतरी.

शनिवारी अंधेरीच्या ऑफिसात बैठक असायची. आमचे कामत सर म्हणाले, "परबबाई, तुमच्या फॉर्ममध्ये ‘इतर’ फार मोठं येतं. रकाने दिलेत ना आपण?"

"तुमच्या रकान्यांत मावलं तेवढं घातलं, साहेब," त्या म्हणाल्या. "उरलेलं टाकू कुठे?"

कामत सर हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला. सगळ्यात जास्त घरांची दारं परबबाईंनाच उघडतात, हे त्यांना माहीत होतं.

दारं का उघडतात, ते मला वाकोल्याला कळलं. एका घरात मी अंड्यांचा प्रश्न विचारला. आठवड्याला एक डझन. चांगला आहार, असं मनात म्हणून मी पुढे जाणार, तर परबबाईंनी विचारलं, "खातं कोण?"

"हे खातात. काम जड आहे ना त्यांचं. आणि मुलगा."

"मुली आहेत ना दोन?"

"त्यांना रस्सा देते की."

मोठी मुलगी अकराएक वर्षांची, शेजारीच बसून वहीला कव्हर घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला अंडं आवडतच नाही."

"कधी खाल्लं होतंस?" परबबाईंनी विचारलं.

मुलीने कव्हर घालायचं थांबवलं. आठवायचा प्रयत्न केला, मग आईकडे पाहिलं. आईने नजर वळवली.

बाहेर आल्यावर मी भडकले होते. "तुम्ही त्या बाईला काहीच कसं बोलला नाहीत?"

"आपण लिहायला जातो. शिकवायला नाय. शिकवलंस की पुढच्या खेपेला दार उघडत नाही." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "आणि त्या बाईनं स्वतः शेवटचं अंडं कधी खाल्लं, ते विचारलंस तू?"

मी विचारलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं, पण वहीत लिहून ठेवलं होतं: ‘आई, नाही.’

लिहायचं, शिकवायचं नाही. हा त्यांचा नियम मी आठ महिन्यांत एकदाही मोडलेला पाहिला नव्हता. नवरा बायकोला आमच्यासमोर टाकून बोलला तरी त्या गप्प बसायच्या, पेन्सिल तेवढी जोरात चालायची. मला कधी कधी त्यांचा हा थंडपणा भयंकर वाटायचा.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, पावसाळ्याआधी, मुलीच्या वाढदिवसाला. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या पलीकडे एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगी नेहा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. भिंतीवर नवऱ्याचा फोटो. जेवताना परबबाई आपणहून बोलल्या. गिरणी बंद झाली तेव्हा सासऱ्यांना जे मिळालं, त्यातून त्यांनी मरोळला एक गाळा घेतला. नवऱ्याने तिथे लेथ मशीन टाकलं. नऊ वर्षांपूर्वी त्या मशीनपाशीच तो छातीत कळ येऊन गेला. शेजारच्या गाळ्यातल्या माणसांनी उचलून बाहेर आणला तेव्हा हातात कापडाचा बोळा तसाच होता.

"त्या दिवसापासून मी तिथं पाऊल नाही टाकलं," त्या म्हणाल्या. "दीर बघतात. मशीन विकलं, गाळा भाड्यानं दिला. कोणतरी नटबोल्ट पॅक करतात तिथं. पाच तारखेला भाडं बँकेत येतं. तेवढं आहे म्हणून नेहाचं शिक्षण होतंय. आपलं हे काम काय गो, सहा महिने असतं, सहा महिने नसतं."

नेहा म्हणाली, "आई, जेवू दे ना तिला." आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलू लागलो.

त्यानंतर आठवड्याभरात आम्हाला पाठची गल्ली मिळाली.

वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून चाळीसेक घरं होती, तिला सगळे पाठची गल्ली म्हणत. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला गटार आणि त्यापलीकडे गाळ्यांच्या पाठी. मे महिन्याचा शेवट. पत्र्यांखाली बसवत नव्हतं. तिसऱ्या घरात वाणसामानाची यादी घेताना बाई म्हणाली, "आणि व्हॅसलीन. मोठी डबी." मी लिहिलं. पाचव्या घरात पुन्हा व्हॅसलीन. सातव्या घरात दोन डब्या. मी यंत्रासारखी टिपत होते. परबबाई मात्र थांबल्या. पेन्सिल कानावर अडकवून त्यांनी त्या सातव्या घरातल्या बाईला विचारलं, "मे महिन्यात व्हॅसलीन कुणाला लागतं?"

त्या बाईचं नाव सविता. तिशीची, तरतरीत, बोलायला मोकळी. म्हणाली, "ह्यांना. कामावर जाताना नाकात लावून जातात. जळजळ होते ना."

"कसली?"

"पाण्याची वाफ असते तिथं. नळाच्या तोट्यांना चकाकी देतात ना, त्या टाकीची." मग ती आतल्या बाजूला बघून हसली. "ओ, दाखवा ना यांना तुमची जादू."

आत तिचा नवरा दिनकर जेवत होता. दुपारच्या सुट्टीत घरी आला होता. तो लाजला, नको नको म्हणाला. तेवढ्यात दारात गल्लीतली चार-पाच पोरं जमली आणि ओरडायला लागली, "काका, जादू, जादू." त्यांना ती जादू चांगलीच माहीत होती. दिनकरने हात धुतले, कोपऱ्यातल्या झाडूची एक हीर मोडून घेतली, पुसली, आणि एका नाकपुडीत घातली. मला वाटलं, तो शिंकणार. त्याने हीर हळूहळू सरकवली आणि ती दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आली. दोन्ही टोकं दोन बाजूंना. त्याने ती इकडून तिकडे दोनदा ओढून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी दाराची चौकट धरली.

"दुखत नाही?" कसंबसं मी विचारलं.

"पहिली दोन वर्षं दुखलं. खपली धरायची, रक्त यायचं. मग भोक पडलं, सुटलो." तो अगदी साधेपणाने सांगत होता. "आमच्यात सगळ्यांना आहे. नवीन पोरगा आला की आम्ही म्हणतो, भोक पडलं की तू पक्का कारागीर."

सविता हसत होती. पोरं हसत होती. परबबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठं आहे हे काम?"

"हे काय, समोरच. गटाराच्या पलीकडे, टोकाला." दिनकरने बोट दाखवलं. "परबांचा गाळा म्हणतात त्याला."

परबबाई उंबऱ्यावरून उठल्या. इतक्या वर्षांत मुलाखत अर्धी सोडून त्या उठल्या असतील असं मला वाटत नाही. कानावरची पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. मी त्यांच्या मागोमाग बाहेर आले. त्या गटाराच्या कडेने चालत टोकापर्यंत गेल्या. तिथे त्या गाळ्याच्या पाठच्या भिंतीत एक मोठा पंखा लावलेला होता, गल्लीच्या दिशेने वारा टाकणारा. भिंत पंख्याखाली पिवळी पडली होती. त्याच्याच खाली एका पाइपातून पिवळट हिरवं पाणी गटारात पडत होतं, आणि त्या गटारातूनच घरांच्या नळाच्या लाइनी गेल्या होत्या. दोन बायका तिथे भांडी घासत बसल्या होत्या.

आम्ही वळसा घालून पुढच्या बाजूला गेलो. शटर अर्धं ओढलेलं होतं. परबबाई एक क्षण थांबल्या, पदर नीट केला, आणि वाकून आत शिरल्या.

आत जाताच घशात काहीतरी बोचलं. क्रोमचा मुलामा चढवायच्या चार टाक्या होत्या. एकीतलं पाणी काळसर तांबडं, उकळल्यासारखं बुडबुडत होतं आणि त्यावर पिवळं धुकं. सहा माणसं काम करत होती. कुणाच्या तोंडावर फडकं, कुणाच्या तेही नाही. बोटांची टोकं सगळ्यांची पिवळी. वर तारेला चकचकीत तोट्या टांगलेल्या, आरशासारख्या. परबबाई टाक्यांकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्यातल्या जमिनीकडे बघत होत्या. तिथे चार बोल्ट अजून फरशीत रुतलेले होते. लेथ मशीनच्या पायांचे.

मालक साळुंखेशेठ लगबगीने पुढे आला. त्याने आधी ओळखलं नाही, आणि बाईंनी नाव सांगितल्यावर त्याने हातच जोडले. "वहिनी, तुम्ही होय. अरे, उभे राहा रे, मालकीणबाई आल्यात."

सहाही माणसं काम थांबवून उभी राहिली. एकाने स्टूल पुसून आणलं. तो क्षण मी विसरू शकत नाही. वीसेक वर्षं लोकांच्या उंबऱ्याशी बसणारी बाई, तिच्यासाठी ती नाकं फुटलेली माणसं अदबीने उभी होती. बाई त्या स्टुलावर बसल्या नाहीत.

"ह्यांच्या नाकांना भोकं पडलीत," त्या म्हणाल्या.

"पडतात, वहिनी. या धंद्यात पडतातच." शेठने आपली मान मागे टाकली आणि नाक वर करून दाखवलं. "हे बघा, मला पण आहे. पंधरा वर्षं टाकीवर काम केलंय मी. मेलो का?"

बाहेर आलो आणि पाइपलाइनपर्यंत चालत गेलो. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "टॅब काढ. माझं घर लिही."

"बाई, तुमचं घर आपल्या यादीत नाहीये."

"लिही म्हणतंय ना मी. माणसं दोन. कमावती एक. मुख्य उत्पन्न काय, विचार."

मी विचारलं नाही.

"भाडं," त्या म्हणाल्या. "कसलं, तां पण लिही. नाकांचं." आणि मग त्या मालवणीत काहीतरी पुटपुटत राहिल्या, मला त्यातलं एकच कळलं, "माका ठाऊक कसा नाय, माका ठाऊक कसा नाय."

त्यानंतर परबबाईंनी आपला नियम मोडला. त्या शेठकडे चार वेळा गेल्या. टाकीवर वाफ ओढून घेणारं झाकण बसवा, पंखा गल्लीकडून फिरवा, माणसांना डॉक्टरकडे न्या. शेठ दर वेळी हो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने खर्चाचा अंदाजही काढून आणला, आणि तो आकडा बघून स्वतःच खाली बसला. सरकारी ऑफिसात बाईंनी अर्ज दिला. साहेब येऊन गेले, महिन्याची मुदत देऊन गेले, महिना उलटला. दीर घरी येऊन ओरडून गेले, "वहिनी, भाडं काय आकाशातून पडणार आहे? नेहाची फी कोण भरणार?"

"भरेन काहीतरी करून," त्या म्हणाल्या. गाळ्याचा करार सप्टेंबरात संपत होता. त्यांनी तो पुढे केला नाही.

शेठने टाक्या उचलल्या आणि वसईकडे कुठेतरी नेल्या. दोन माणसं सोबत नेली. बाकीची पाच घरी बसली. नेहाने कॉलेज सांभाळून एका म्हाताऱ्या बाईच्या सेवेला जायला सुरुवात केली. मी परबबाईंना म्हटलं, "तुम्ही फार मोठं काम केलंत." खरंच तसं वाटलं होतं मला.

नोव्हेंबरात पाहणीची दुसरी फेरी होती. त्याच घरांत पुन्हा जायचं, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. पाठच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा भिंतीतला पंखा गेलेला होता, तिथे पत्रा ठोकला होता. पाइप कोरडा होता. हवा खरोखर हलकी वाटत होती. आणि एकामागून एक दारं आमच्या तोंडावर लागत गेली. ज्या घरांत सरबत मिळालं होतं, तिथे आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

सविताने दार उघडलं. ती वाळली होती. आत या म्हणाली नाही. परबबाई सवयीने उंबऱ्याशी टेकायला गेल्या, तर ती म्हणाली, "उभ्यानंच विचारा."

परबबाईंनी उभ्यानेच विचारलं. यादीतून व्हॅसलीन गेलं होतं. दूध गेलं होतं. अंडी गेली होती. मुलाची शिकवणी गेली होती. सविता एकेक गोष्ट सांगत होती आणि बाई लिहीत होत्या.

"दिनकर कुठं आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लागले कामाला, परवापासून. भिवंडीला. टाकीवरच."

"टाकीवर?"

"मग दुसरं काय येतं त्यांना? तिथं तर दार पण उघडत नाहीत, पोलीस येतील म्हणून. आठवड्याला एकदा घरी येतात." सविताचा आवाज चढला नाही, तेच जास्त भयानक होतं. "बाई, तुम्ही चांगलं करायला गेलात, कळतं मला. पण नाकाला भोक होतं, पोटाला नव्हतं. आता दोन्हीकडे आहे. लिहा."

परबबाईंनी ते लिहिलं. शब्दन् शब्द. मी त्यांची पेन्सिल बघत होते. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सविता, चुकलंय माझं. आधी माणसांची सोय लावायची, मग कुलूप. मी उलटं केलं."

"हो," सविता म्हणाली आणि दार लावलं.

गाळा रिकामाच होता. महिन्याभराने सविताच आपणहून परबबाईंकडे आली, आणखी दोघींना घेऊन. वसाहतीतल्या कामगारांना पोळीभाजीचे डबे द्यायचे म्हणत होत्या, गाळा देता का? भाडं धंदा लागल्यावर. मला वाटलं, सुटलं हे एकदाचं. परबबाई नाही म्हणाल्या. "त्या फरशीवर पीठ मळायचं नाही," एवढंच. पण या खेपेला त्या तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर त्या तिघींना सकाळचे चार तास दिलं आणि आपण पहाटे उठून आपला स्वयंपाक उरकायला लागल्या. आणि फरशी खोदून काढायला एक ठेकेदार बोलावला.

त्या दिवशी मी गेले होते. फरशी फोडली तर खालची माती पिवळी होती. वीतभर खणलं, तरी पिवळी. हातभर खणलं तेव्हा कुठे रंग फिका पडला. तिशीतला एक कामगार अनवाणी त्यात उभा राहून पोती भरत होता. परबबाईंनी त्याला आधी बाहेर काढला, त्याचे पाय धुवायला लावले, मग ठेकेदाराला विचारलं, "ही पोती नेणार कुठे?"

"टाकतो की कुठेतरी."

"कुठे?"

"अहो मॅडम, खाडी काय छोटी आहे का? गोराईकडे फेरी असते माझ्या ट्रकची."

"गोराईला माणसं राहतात. मासे धरतात तिथं."

ठेकेदाराला कळेना यात काय अडचण आहे. मी दोन-तीन ऑफिसांना फोन लावले. असा माल घेणारी जागा आहे, असं एकाने सांगितलं. कारखान्याची नोंदणी लागेल, चाचणीचा अहवाल लागेल, वाहतुकीचा खर्च तुमचा. कारखाना उठून गेलेला, नोंदणी कधी नव्हतीच. परबबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ठेकेदाराला त्याची मजुरी दिली, पोती गाळ्यातच रचून घेतली, त्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, आणि शटरला कुलूप लावलं. अठ्ठावन्न पोती. नवऱ्याची जागा, मुलीच्या शिक्षणाची जागा, आणि आता तिच्यात हे, जे कुठेच टाकता येत नव्हतं. दर वर्षी मालमत्ता कर भरून त्या ते राखत होत्या. पुढे कुणीतरी चांगलं भाडं देऊ केलं, गोडाऊनसाठी, पोती आम्हीच हलवतो म्हणून. दिरांनी पायाशी लोळण घ्यायचीच बाकी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "हलवतील कुठे, तां सांगा आधी."

पाहणी संपली. अहवाल निघाला, त्यात आमच्या दोघींची नावं बारीक अक्षरात आली. पाठच्या गल्लीबद्दल एक परिच्छेद होता, तो मी तीनदा वाचला. त्यात चूक काहीच नव्हती, आणि त्या दुपारचं त्यात काहीच नव्हतं. मला मुलुंडला नोकरी लागली, मग लग्न झालं. सणावाराला फोन व्हायचे. नेहा एका इस्पितळात लागली, हे फोनवरच कळलं. दिनकर भिवंडी सोडून परत आला आणि रिक्षा चालवतो, हेही. ती रिक्षा घ्यायला जामीन परबबाई राहिल्या होत्या, ते त्यांनी नाही, नेहाने सांगितलं.

शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. वडिलांचे कान तपासायला मी त्यांना महापालिकेच्या इस्पितळात घेऊन गेले होते. कान-नाक-घसा विभागाबाहेर लांबलचक बाक, त्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली. वडिलांना बसवून मी केसपेपरच्या खिडकीकडे वळले, तर खिडकीपाशी पुढे तीन पाठमोरी माणसं. मधला दिनकर. नाकावर गॉजची जाड पट्टी, ती एका बाजूने लाल झालेली. एका बाजूला सविता, दुसऱ्या बाजूला परबबाई, हातात फाइल. केस बरेच पांढरे झाले होते.

खिडकीतला माणूस वरच्या मजल्यावर भरती करायचे कागद भरत होता. तुकडा काढून तपासायला पाठवायचा आहे, असं काहीतरी सविताला सांगत होता. तिने मान हलवली. मग त्याने विचारलं, "सोबत कोण राहणार?"

"मी," परबबाई म्हणाल्या. "हिला घरी मुलाचं बघायचंय."

"पेशंटशी नातं काय?"

परबबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी चार पावलांवर होते, मला त्यांचा गाल दिसत होता. इतका वेळ गेला की खिडकीतल्या माणसाने मान वर केली. मागच्या रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं.

"शेजारीण आहे आमची," सविता म्हणाली. "लिहा."

त्याने लिहिलं. परबबाईंनी खिडकीच्या कडेला हात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मी हाक मारणार होते. तेवढ्यात सविताने त्यांच्या हातातली फाइल काढून आपल्या काखेत धरली, मोकळ्या झालेल्या त्या हातात दिनकरचा दंड दिला, आणि ती तिघं रॅम्पवरून वरच्या मजल्याकडे चालू लागली. दिनकर मधेच थांबत होता, तेव्हा दोघी थांबत होत्या.